सकाळचे स्प्रिंग, दुपारचे शॉकअप

आमच्या गॅरेजला एक दार आहे, गाडी वर उचलायची एक लिफ्ट आहे आणि दोन मालक आहेत. मालक सख्खे भाऊ आहेत आणि तीन वर्षांपासून एकमेकांशी बोलत नाहीत. थोरले स्प्रिंगचं बघतात, धाकटे शॉकअपचं. धाकटे म्हणजे माझा नवरा. दोघांच्या मधे प्लायवूडची भिंत आहे आणि त्या भिंतीच्या टोकाला, दोन्ही बाजूंना खिडकी असलेल्या काउंटरवर, मी बसते.

ज्यांना गाडीच्या पोटातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण मलाही थोडक्यातच कळतं. गाडी खड्ड्यात गेली की स्प्रिंग दबतो आणि मग तिला वर उडवतो. स्प्रिंगला थांबायचं कळत नाही, तो उडवतच राहतो. त्याला आवरायचं काम शॉकअपचं. तेलाने भरलेली एक नळी, तिच्यात वर-खाली होणारा एक दांडा. स्प्रिंग फार नाचायला लागला की हा त्याला धरून ठेवतो. माझे दीर एका दमात दहा गोष्टी बोलतात आणि माझा नवरा "हो" म्हणायलाही दम घेतो, तेव्हा वाटणी स्वभावाला धरून झाली असं म्हणायला हरकत नाही.

वाटणीचं कारण एका डॉक्टरांची गाडी. तिचे स्प्रिंग थोरल्यांनी बदलले होते आणि शॉकअप यांनी भरले होते. गाडी दोन दिवसांत परत आली, ती उड्या मारत. थोरले म्हणाले, शॉकअपमध्ये खोट आहे. हे म्हणाले, स्प्रिंग चुकीचा आहे. त्या दिवशी जी जुंपली ती जुंपली. शेवटी दोघांनी मिळून एकच काम केलं, ते म्हणजे मधे भिंत उभी केली. टायरमध्ये हवा जास्त भरली होती असं माझं मत आहे, पण मला कुणी विचारलं नाही.

लिफ्ट मात्र एकच होती आणि तिचे काही दोन तुकडे करता येईनात. म्हणून वेळ वाटून घेतली. नऊ ते एक लिफ्ट थोरल्यांची, दोन ते सहा यांची. एक ते दोन ती कुणाचीच नाही, त्या वेळात मी तिच्यावर फडकी वाळत घालते. एकमेकांना काही विचारायचं असलं की दोघंही माझ्या खिडकीशी येतात. "सूनबाई, त्याला विचार, चौदाचा पाना कुठे ठेवलाय." सासरे गेल्यापासून थोरलेही मला सूनबाईच म्हणतात. मग मी मान वळवून दुसऱ्या खिडकीत तेच विचारते आणि हे म्हणतात, "त्यांना सांग, त्यांच्याच खिशात असेल." मधे प्लायवूड, तेही पातळ. दोघांना सगळं ऐकू येतं. तरी पोपटासारखं मी दोन्हीकडे बोलायचं. तीन वर्षांत माझी मान एका बाजूला जरा जास्तच वळायला लागली आहे.

या सगळ्यात एकच माणूस असं होतं, जे भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखंच जायचं यायचं. ती म्हणजे थोरल्यांची लेक, आमची टिल्ली. उंची बेताची म्हणून लहानपणी नाव पडलं ते चिकटलं. आता सव्वीस वर्षांची आहे, पण वरच्या फळीवरचा डबा काढायला तिला अजून स्टूल लागतं. ती सहावीत असताना तिची आई गेली. तेव्हापासून तिची वेणी मी घातली, तापात कपाळावर पट्ट्या मी ठेवल्या आणि शाळेत बोलावणं आलं की तिच्या बाजूने खोटंही मीच बोलले. मला मूलबाळ नाही. मला टिल्ली आहे.

टिल्ली केक करते. आमची घरं गॅरेजच्या मागच्या अंगाला आहेत आणि त्यांच्या मधल्या खोलीत तिची भट्टी आहे. गॅरेजमध्ये पुढून ऑइलचा वास येतो आणि मागून व्हॅनिलाचा. गिऱ्हाइकं आधी गोंधळतात, मग नाक मागच्या बाजूला करून बसतात. तिचे केक साधे नसतात, मजल्यावर मजले चढवलेले असतात. लग्नाचे, वाढदिवसांचे, कुणाच्या पन्नाशीचे. ती ते स्वतःच्या छोट्या गाडीतून पोचवायची. मागची सीट काढून तिथे सपाट फळी बसवलेली होती, तिच्यावर केक.

तक्रार एवढीच होती की वळणावर गाडी कलायची आणि केक बोटभर सरकायचा. ही गोष्ट तिने एके दिवशी जेवताना बापाजवळ बोलून दाखवली आणि घोटाळ्याला सुरुवात झाली.

थोरल्यांना तेवढं निमित्त पुरलं. गाडी खाली बसवायची, म्हणजे कमी कलेल, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. तसं ते चुकीचंही नव्हतं. आखूड आणि कडक स्प्रिंग घातले की गाडी जमिनीला जवळ येते आणि वळणावर झुकत नाही. दुसऱ्याच सकाळी त्यांनी तीस मिलिमीटर खाली बसवणारे चार स्प्रिंग घातले. लाल रंगाचे. गाडी अशी दिसायला लागली, की येणारा-जाणारा वाकून बघायचा. शॉकअप मात्र जुनेच राहिले. ते बदलायचे म्हणजे भिंतीपलीकडे शब्द टाकायला हवा होता, आणि लेकीच्या गाडीसाठी भावाजवळ तोंड वेंगाडायचं हे थोरल्यांच्या नाकावरच्या रागाला मानवणारं नव्हतं.

पहिला केक तीन मजली होता. पोचला तेव्हा एक मजली होता, पण बराच रुंद. दुसरा टिल्लीने पायी चालावं तितक्या हळू नेला. मागे गाड्यांची रांग लागली, लोकांनी हॉर्न वाजवून जीव नकोसा केला आणि केक तरीही पडला. गाडी वळणावर कलत नव्हती हे खरं, पण सरळ रस्त्यावर थरथरत होती. नवा स्प्रिंग जोरात उडवायचा आणि जुन्या शॉकअपला तो आवरायचा नाही. त्यातून गाडी खाली बसल्यामुळे शॉकअपचा दांडा आधीच निम्मा आत गेलेला, त्यामुळे जरा मोठा खड्डा आला की तो तळाला जाऊन आपटायचा. हे सगळं माझ्या नवऱ्याला पहिल्या दिवशी, नुसत्या आवाजावरून कळलं होतं. ते मला म्हणाले, "जोडी जमलेली नाही." मी म्हटलं, मग सांगा की त्यांना. ते शॉकअप पुसत बसले.

आणि त्याच आठवड्यात मोठ्या हॉटेलातून निरोप आला. त्यांच्याकडे दर शनिवारी लग्नं असतात आणि त्यांना केकसाठी कायमचं माणूस हवं होतं. येत्या शनिवारी बारा वाजता चार मजली केक घेऊन या, असं तिथल्या मुख्य आचाऱ्याने सांगितलं. अट अशी, की केक रचलेलाच यायला हवा. आमच्याकडे आल्यावर लिंपालिंपी करायला जागाही नाही आणि वेळही नाही, असं त्याने तिला स्वच्छ बजावलं.

टिल्लीने ही बातमी मला सांगितली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आनंद कमी होता आणि हिशेब जास्त. मग तिने एक कागद काढला. दूरच्या शहरातल्या एका ब्रेडच्या कारखान्यातून तिला नोकरी आली होती. राहायची सोय, पगार, सगळं. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. शनिवारचा केक उभा पोचला तर नाही म्हणणार, पडला तर हो म्हणणार, असं तिने शांतपणे ठरवून टाकलं होतं. "सारखे पडके केक घेऊन लोकांच्या दारात उभं राहायची लाज वाटते गं काकू," ती म्हणाली. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच एक घासलेलं पातेलं पुन्हा घासलं.

बुधवारी सकाळी मी थोरल्यांना त्यांच्या खिडकीतून सुनावलं. दुपारी नवऱ्याला दुसऱ्या खिडकीतून सुनावलं. दोन्हीकडे शब्द तेच होते, फक्त नवऱ्याच्या वाट्याला काही जास्तीचे आले. पोरगी चालली आहे, आणि ती तुमच्या दोघांच्या तोऱ्यापायी चालली आहे, हे मी दोघांना सांगितलं. दोघांनीही खाली मान घातली. दोघांपैकी एकानेही भिंतीकडे पाहिलं नाही.

गुरुवारी दुपारी यांनी टिल्लीची गाडी लिफ्टवर घेतली. चारी शॉकअप काढले, खोलले, आत कडक व्हॉल्व्ह आणि जाड ऑइल घातलं. दांड्यावर आतून एक जाड कडं चढवलं, म्हणजे दांडा पूर्वीइतका बाहेर येणार नाही आणि आखूड स्प्रिंग कधी मोकळा पडणार नाही. लाल स्प्रिंगला शोभतील असे शॉकअप तयार झाले. सहाच्या आत बसवलेही. पण नळ्या त्याच जुन्या ठेवल्या आणि काम झाल्यावर झाडलेल्या कचऱ्यातली मूठभर धूळ घेऊन त्यांवर चोळली. मी खिडकीतून बघत होते. हे काय, म्हणून विचारलं. म्हणाले, "त्यांची चूक मी निस्तरली हे त्यांना कळता कामा नये. तूही बोलायचं नाही." मला त्या क्षणी हसू आलं आणि नवऱ्याचा अभिमानही वाटला. मी तोंडाला कुलूप घातलं.

शुक्रवारी सकाळी थोरल्यांनी तीच गाडी लिफ्टवर घेतली.

आता इथे माझं काय चुकलं ते आधीच कबूल करते, म्हणजे पुढे कुणी मला बोलायला नको. थोरले चाकं काढत होते आणि मी बघत होते. त्यांनी लाल स्प्रिंग काढले आणि गाडीचे मूळचे, उंच, मऊ स्प्रिंग परत घातले. घालताना त्यांची दमछाक झाली. स्प्रिंग दाबायच्या शिकंज्याचे आटे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त फिरवावे लागले. "हात थकले आता," ते म्हणाले. मग शॉकअपला दोष दिला, धुळीने जाम झालेत म्हणून. शेवटी घाम पुसत खिडकीशी आले आणि हळू आवाजात बोलले. "सूनबाई, हौसेपायी मी पोरीचं नुकसान केलं. होतं तसं करून ठेवलंय. केक बोटभर सरकेल, पण पडणार तरी नाही. त्याला मात्र सांगू नकोस, तो हसेल."

थोरल्यांनी आपली चूक मान्य केलेली मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा ऐकली. माझे डोळे भरून आले. दोघं भाऊ एकमेकांच्या चोरून एकाच पोरीसाठी राबले, दोघांचं गुपित माझ्या पोटात, आणि मला वाटलं की गाडी दोनदा दुरुस्त झाली म्हणजे दुप्पट चांगली झाली असणार. वीस वर्षं शॉकअपच्या दुकानात काउंटरवर बसून मला एवढीच अक्कल आली. थोरल्यांनी गाडी गल्लीत नेऊन लावली. हे दुपारभर सील आणायला बाजारात होते, त्यांनी ती पाहिलीच नाही.

शनिवारी साडेनवाला मी आणि टिल्लीने केक उचलून गाडीत ठेवला. चार मजले, पांढरं क्रीम, वर साखरेची फिकट पिवळी फुलं. पाच दिवसांत त्या पोरीने एकेक पाकळी हाताने केली होती. थोरले त्यांच्या बाजूने आणि हे यांच्या बाजूने, दोघंही हातातलं काम करत असल्यासारखं दाखवत होते. टिल्ली गाडीत बसली आणि हळूच निघाली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गतिरोधक आहे. मी दारातून बघत होते. पुढची चाकं चढली, उतरली आणि गाडीच्या पोटातून ठक्क असा आवाज आला. लाकडी पेटी फरशीवर टाकावी तसा. मागची चाकं उतरली तेव्हा पुन्हा तोच आवाज, आणखी मोठा. मग मागचे लाल दिवे लागले आणि तसेच लागून राहिले. गाडी पुढे जाईना.

माझे गुडघे दुखतात, तरी मी धावले. केक पडला नव्हता. वरचा मजला कलला होता आणि त्याच्या खालच्या मजल्याला भेग गेली होती. टिल्ली दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होती. ती रडत असती तर मला बरं वाटलं असतं.

"काकू," ती म्हणाली, "मी सोमवारी त्यांना हो कळवते."

गाडी मागे घे, एवढंच मी म्हणाले. तिने घेतली. गॅरेजच्या दारात दोघं भाऊ येऊन उभे होते, एक दाराच्या एका फळीला टेकून, दुसरा दुसरीला. हे गाडीकडे बघत होते आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडत चालल्या होत्या. "ही उंच कशी काय?" ते माझ्याकडे बघून म्हणाले. तर तिकडून थोरले, तेही माझ्याकडेच बघून, "हा आवाज कसला? मी तर जुने स्प्रिंग घातले होते."

आणि मग मला एकदम कळलं. कुणालाही कळलं असतं. लाल, आखूड स्प्रिंगसाठी केलेले आखूड शॉकअप, आणि त्यांवर दाबून बसवलेले उंच स्प्रिंग. स्प्रिंग वर उठायला बघतोय आणि शॉकअपचा दांडा मधेच अडतोय. दोघांनीही दुसऱ्याच्या वस्तूशी जमेल अशी आपली वस्तू केली होती, आणि ती दुसरी वस्तूच तोवर बदललेली होती. करायला गेले एक आणि झालं भलतंच, आणि ते होताना मी दोन्ही वेळा समोर बसून कौतुकाने बघत होते.

मी सगळं सांगून टाकलं. धुळीसकट. थोरल्यांची कबुलीही सांगितली, ते हातवारे करून अडवत असतानाही सांगितली. टिल्ली केकजवळ उभी राहून ऐकत होती. माझं बोलून संपलं तेव्हा गल्लीतला शेजारचा दुकानदारसुद्धा बाहेर येऊन उभा राहिला होता.

थोरले खाली वाकून शॉकअपकडे बघत राहिले. मग त्यांनी बोटाने नळीवरची धूळ पुसली. खालून स्वच्छ नळी दिसली. "सूनबाई," ते म्हणाले, "त्याला विचार, दांडा किती आखूड केलाय."

"मी नाही विचारणार," मी म्हटलं. "आज मी बहिरी आहे आणि मुकीही आहे. दहा वाजायला आलेत. तुम्हाला पोरगी हवी असेल तर तुमचं तुम्ही विचारा, नाहीतर बसा भिंतीकडे बघत."

आणि मी खरोखरच पाठ फिरवून केक धरायला गेले. मागून चालू राहिलेल्या एअर कॉम्प्रेसरचा तेवढा आवाज येत होता.

"दादा," माझा नवरा म्हणाला. मग नेहमीसारखा दम घेतला. "पंचवीस."

तीन वर्षांनी दादा हा शब्द ऐकला मी. थोरल्यांचं उत्तर लगेच आलं, त्यांना कुठे दम घ्यावा लागतो. मागे चाळीस किलोचं वजन आहे, केक, फळी आणि स्टँड धरून, असं ते म्हणाले. हे म्हणाले, मग मागे तीसवाला स्प्रिंग चालणार नाही, दांडा तळाला टेकेल. पुढे लाल तीसवाला परत घाल आणि मागे वीसवाला घाल.

"वीसवाला आहे माझ्याकडे," थोरले म्हणाले. "छोट्या, तू उजवी बाजू घे."

छोट्या म्हणजे माझा नवरा, बावन्न वर्षांचा, पोट सुटलेला. त्याने उजवी बाजू घेतली.

नऊ ते एक लिफ्ट थोरल्यांची हा नियम त्या दिवशी मोडला. केक आम्ही उतरवून माझ्या काउंटरवर ठेवला होता. टिल्ली स्टुलावर उभी राहून भेग बुजवत होती आणि मी क्रीमचं भांडं धरून उभी होते. माझं अर्धं लक्ष लिफ्टकडे. एक जण शिकंजा आवळायचा तेव्हा दुसरा न सांगता स्प्रिंगचं टोक धरायचा. एकाने हात मागे केला की दुसरा त्यात पाना ठेवायचा, बरोबर हवा तोच. मधे एकदा भांडलेही. नट आधी गाडी खाली घेऊन आवळायचा की वरच, यावरून. मला ते भांडण गोड लागलं, कारण त्यात माझं कुठेच काम नव्हतं. टिल्लीचा हात मात्र त्यांच्या आवाजाने थांबला. ती मान वळवून बघत राहिली. "किती वर्षांनी," ती हळूच म्हणाली आणि पुन्हा भेगेकडे वळली.

अकराला गाडी खाली आली. थोरल्यांनी बॉनेटवर दोन्ही हातांनी भार दिला आणि सोडला. गाडी खाली गेली, वर आली आणि थांबली. हे मागच्या बाजूला गेले आणि तेच केलं. खाली, वर, थांबली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

केक परत गाडीत ठेवला. आता दोघांनाही तिच्याबरोबर जायचं होतं. एक म्हणाला मी मागे केक धरून बसतो, दुसरा म्हणाला मी पुढे बसून आवाज ऐकतो. मी म्हटलं, चाळीस किलोचा हिशेब करून स्प्रिंग घातलेत, तुम्ही दोघं बसलात तर गाडी जमिनीलाच टेकेल. मुकाट बाजूला व्हा. टिल्लीने गाडी सुरू केली. गतिरोधकावर गाडी चढली आणि उतरली. आवाज आला नाही. ती वळून दिसेनाशी झाली तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

मग वाट बघणं. वाट बघण्यात आमच्या घराण्याचा हात कुणी धरणार नाही, पण तो पाऊण तास मला तीन वर्षांहून लांब गेला. थोरले पान्यांची पेटी लावत होते, लावून झाली की पुन्हा उपसून लावायचे. हे एक शॉकअप पुसत होते, ते कुणाचं होतं कोण जाणे. मी काउंटरवर सांडलेलं क्रीम खरडत बसले. माझ्या मनात मी तिची बॅग भरत होते. थंडीचे कपडे द्यायला हवेत, असं मी ठरवून टाकलं होतं. उंच फळ्यांच्या घरात तिला स्टूल कोण देईल, हेही मनात आलं, आणि मग मात्र मला खरडणं जमेना.

बारा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला.

"काकू," टिल्ली म्हणाली. तिच्या मागे भांड्यांचा खडखडाट होता. "उभा आहे. घेतला त्यांनी. दर शनिवारी यायला सांगितलंय."

मी फोन ठेवला. पोरगी जाणार नव्हती. उद्याही मागच्या खोलीतून व्हॅनिलाचा वास येणार होता आणि ती माझं स्टूल पळवणार होती आणि मी तिला ओरडणार होते. एवढं साधं सांगायचं होतं, पण तोंड उघडलं आणि शब्दाऐवजी हुंदका आला. मग दुसरा. मी पदर तोंडाला लावला आणि काउंटरवर डोकं टेकून लहान मुलीसारखी रडायला लागले.

दोन्ही खिडक्यांमधून दोघं माझ्याकडे बघत होते. थोरल्यांच्या हातातला पाना खाली पडला.

"चूक माझी," ते म्हणाले. "मी त्या लाल स्प्रिंगच्या नादाला लागायलाच नको होतं."

"नाही दादा," माझा नवरा म्हणाला, आणि या वेळी त्याने दम घेतला नाही. "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी बोललो नाही. चूक माझी."

"तू कशाला बोलशील? मी तुला तोंड तरी उघडू दिलं असतं का? डॉक्टरांच्या गाडीच्या वेळीही स्प्रिंगच चुकला असेल माझा."

"स्प्रिंग बरोबर होता. व्हॉल्व्ह मीच घाईत बसवला."

"छोट्या, उगीच माझी बाजू घेऊ नकोस. चूक माझी आहे म्हणतोय ना."

"दादा, तू ऐकून घेशील का कधी? माझी आहे."

आवाज चढत चालले. थोरले भिंतीच्या टोकाला वळसा घालून यांच्या बाजूला आले आणि दोघं समोरासमोर उभे राहून, बोटं नाचवत, स्वतःची चूक दुसऱ्याला पटवून द्यायला लागले. मी डोकं वर केलं नाही. केक पडला असं ते समजून चालले होते; खरं काय ते सांगायला हवं होतं, कळत होतं मला. पण केक उभा होता, पोरगी परत येत होती, आणि असलं भांडण मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. म्हणून मी पदर तसाच तोंडावर धरला आणि त्यांना आणखी थोडा वेळ भांडू दिलं.